शाळेची खोली पडते कशी, उभी राहते कशी

ऑगस्ट २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन विद्यार्थी गेले. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावी, सरकारी शाळेचा काही भाग पडला आणि सात मुलं गेली. दोन्ही वेळा जमीन हलली नव्हती. पावसाळ्याचे दिवस होते आणि शाळा भरलेली होती, एवढंच.

‘सुरक्षित शाळा’ म्हटलं की भूकंप आणि आग आठवते. त्यांचा विचार करायलाच हवा, आणि पुढे करूही. पण आपल्याकडच्या बहुतेक गावांत शाळेची इमारत पोखरतं ते पाणी. छतातून झिरपतं, भिंतीत मुरतं, पायाखालच्या मातीत उतरतं. एका रात्रीत ते काही करत नाही. त्याला कित्येक पावसाळे लागतात आणि तेवढा काळ ते खुणा दाखवत राहतं. त्या खुणा वाचायला इंजिनिअरच असावं लागतं असं नाही. पालक, शिक्षक, सरपंच यांनाही त्या कळू शकतात, आणि कळल्याच पाहिजेत.

स्लॅब गळतो तेव्हा आत काय चाललेलं असतं

काँक्रीट दाब उत्तम सोसतं, पण ताण आला की फुटतं. स्लॅब स्वतःच्या वजनाने मध्यभागी खाली वाकू पाहतो, तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो. म्हणून तिथे सळया घालतात. ताण सळईने घ्यायचा, दाब काँक्रीटने.

ताज्या काँक्रीटमध्ये सळई गंजत नाही, कारण सिमेंट अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे लोखंडावर एक संरक्षक थर धरून राहतो. वर्षं जातात तसा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो आणि तो थर टिकेनासा होतो. त्यात ओल मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दुपटीपासून थेट सहापटीपर्यंत. ही फुगवण खालच्या काँक्रीटला आतून फोडते. आधी सळईच्या रेषेत सरळ बारीक भेग दिसते, मग तपकिरी डाग, मग पोपडे आणि शेवटी तुकडे. वर्गात बसलेल्या मुलाच्या वहीवर छतातून खडे पडत असतील तर ही प्रक्रिया बरीच पुढे गेलेली आहे.

अशा वेळी सहसा काय केलं जातं? पोपडे खरवडायचे, गिलावा मारायचा, वर रंग द्यायचा. सळई आत गंजतच राहते आणि जी खूण आपल्याला सावध करत होती तीच झाकली जाते. मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती नुकत्याच रंगवलेल्या जुन्या खोल्यांची. भिंतीवर बाराखडी, पाढे, फुलपाखरं सगळं असावं. पण रंगाआधी छत तपासलेलं असावं.

तपासायची एक साधी रीत आहे. मुलांना बाहेर काढून, सुटलेल्या भागाच्या थेट खाली उभं न राहता, लांब लाकडी दांड्याने स्लॅब खालून ठोकत जायचं. धड काँक्रीट खणखणीत वाजतं. सुटलेला भाग बद्द वाजतो. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने गोल करायचा आणि फोटो काढायचा. याने स्लॅब किती वाईट आहे हे ठरत नाही, ते स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इंजिनिअरने करायच्या इमारतीच्या तपासणीचं काम आहे. पण ऑडिट कुठल्या खोलीचं आधी मागायचं, हे नक्की ठरतं.

हे सगळं टाळता येतं ते मुळात बांधताना, आणि तेही फार खर्च न करता. सळईच्या खाली काँक्रीटचं किमान २० मिलिमीटर आच्छादन लागतं. त्यासाठी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे छोटे ठोकळे, ठेवायचे असतात. ते न ठेवता सळया सेंटरिंगच्या फळ्यांवर तशाच टेकवल्या तर स्लॅबच्या तळाशी सळई जवळजवळ उघडीच राहते. काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून जास्तीचं पाणी घातलं जातं. ते पाणी उडून गेल्यावर मागे सूक्ष्म छिद्रं राहतात आणि पुढच्या सगळ्या पावसाळ्यांना वाट मिळते. स्लॅब टाकल्यावर तो किमान सात दिवस, आणि फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा दिवस, सतत ओला राहायला हवा. शाळेचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत निघतं आणि नेमकं तेव्हाच गावात टँकर सुरू असतो. म्हणून पाण्याची सोय हा अंदाजपत्रकातला पहिला प्रश्न असायला हवा. टेकूही घाईने काढायचे नाहीत. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर सात दिवस आणि त्याहून मोठा असेल तर चौदा, असं आपल्या काँक्रीटच्या मानकात लिहिलेलं आहे.

आणि इमारत झाल्यावर? दर मे महिन्यात कुणीतरी गच्चीवर चढून पावसाच्या पाइपाच्या तोंडात अडकलेली पानं काढली पाहिजेत, पॅरापेटच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप मुळासकट काढलं पाहिजे. हे काम कुणाचं, हे कागदावर ठरलेलं नसलं तर ते कुणीच करत नाही.

पायाखालची माती

विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या मोठ्या भागात शाळा काळ्या मातीवर उभ्या आहेत. कापसाला चांगली असलेली ही माती बांधकामाला फार अवघड. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इमारतीच्या कडेची माती आतल्या मातीपेक्षा जास्त भिजते आणि जास्त वाळते. त्यामुळे कडेच्या भिंती दरवर्षी थोड्या वर-खाली होतात आणि मधल्या जागेवरच राहतात. भिंतीला हे सोसत नाही. ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी फाटते.

उपाय जुने आणि खात्रीचे आहेत. माती उथळ असेल तर ती पूर्ण उपसून पाया मुरमावर किंवा खडकावर न्यायचा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल घालायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या खांबांचा तळ फुगीर असतो आणि तो साधारण साडेतीन मीटरखाली, जिथे ऋतूंचा फरक पोचत नाही, तिथे रोवलेला असतो. शिवाय जोत्याभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी हवी, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही. हात धुण्याचे नळ वर्गाच्या भिंतीला चिकटून बसवायचे नाहीत. हे अगदी साधं आहे, पण भिंतीलगत नळ आणि खाली डबकं असं चित्र किती शाळांमध्ये दिसतं!

भेग जुनी आहे की अजून वाढते आहे, हे ओळखायला भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटेल अशी काचेची पट्टी लावतात आणि शेजारी तारीख लिहितात. काच तडकली तर भेग जिवंत आहे. आठवी-नववीची मुलंसुद्धा ही नोंद ठेवू शकतात. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक रेषांनी घाबरायचं कारण नसतं. तिरप्या, आरपार गेलेल्या, एका टोकाला रुंद होत जाणाऱ्या भेगांना मात्र इंजिनिअरच हवा.

भिंती एकमेकींना धरून हव्यात

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली, पण शाळा त्या वेळी रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ ला मुझफ्फराबाद परिसरात भूकंप झाला तेव्हा सकाळचे नऊ वाजत आले होते. शाळा भरलेल्या होत्या आणि हजारो मुलं वर्गातच गाडली गेली. किल्लारीला जी वेळ आली ती पहाटेची होती, हा केवळ योगायोग. त्यावर शाळा बांधता येत नाहीत. शिवाय तेव्हाच्या भूकंपनकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला गेला.

किल्लारीत घरं का पडली याचा अभ्यास झाला आणि त्याची उत्तरं जुन्या दगडी शाळांनाही तंतोतंत लागू पडतात. जाडजूड दिसणारी दगडी भिंत प्रत्यक्षात दोन पातळ भिंतींची असते: बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये माती आणि चिपा. हादरा बसला की दोन थर सुटतात, भिंतीचं पोट बाहेर येतं आणि वरचं जड माळवद खाली येतं. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घातले असते तर थर एकत्र राहिले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्याची एक बाजू बोटाने ढकलली तर ती सहज आत जाते, पण खोक्याला भोवताली दोरी आवळून बांधली तर चारही बाजू एकमेकींना धरतात. भिंतींच्या इमारतीत हेच काम सळई घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा करतो. जोत्याला एक, खिडक्या-दारांच्या वर लिंटेलच्या पातळीला एक, आणि छत उतरतं असेल तर त्याखाली व त्रिकोणी भिंतीला आणखी. यातला लिंटेलचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा आणि तो कुठेही तुटता कामा नये. खर्च वाचवायला फक्त खिडकीपुरते लिंटेल टाकले की पट्टा राहतच नाही. कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यात. भारतीय मानक ४३२६ मध्ये हे सगळं आकृत्यांसह दिलेलं आहे.

जुनी दगडी शाळा म्हणजे पाडायचीच, असंही नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरता येतं, लिंटेलच्या पातळीला दोन्ही बाजूंनी जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा करता येतो. जाड दगडी भिंतींच्या, मंगलोरी कौलांच्या खोल्या उन्हाळ्यात ज्या गार राहतात, तशी नवी स्लॅबची खोली राहत नाही. जिथे शक्य आहे तिथे त्या मजबूत करून वापराव्यात, असं माझं ठाम मत आहे.

खिडक्यांच्या रांगेतला छुपा दोष

कॉलम-बीमची इमारत म्हणजे आपोआप भक्कम, असा समज आहे. शाळांच्या बाबतीत त्यात एक खास धोका असतो आणि तो चांगल्या हेतूतून येतो. वर्गात उजेड-वारा हवा म्हणून दोन कॉलमांच्या मध्ये सलग खिडक्या ठेवतात. खिडकीखालची भिंत कॉलमला घट्ट चिकटवून बांधतात. आता तीन मीटर उंचीच्या कॉलमचा खालचा दीड मीटर भिंतीने जखडला गेला आणि हलायला मोकळा उरला फक्त वरचा दीड मीटर. कॉलमचा ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे मोकळी उंची निम्मी झाली की ताठपणा आठपट. भूकंपात इमारतीला बसणारा धक्का कॉलमांमध्ये ताठपणानुसार वाटला जातो, म्हणून हा आखूड झालेला कॉलम शेजारच्या पूर्ण उंचीच्या कॉलमपेक्षा कितीतरी जास्त भार ओढून घेतो. तो त्यासाठी बनवलेला नसतो. तो खिडकीच्या उंचीवर तिरपा फुटतो.

यावर उपाय नकाशाच्या टप्प्यावरच होतो. भिंत आणि कॉलम यांच्यात थोडी फट ठेवून ती लवचीक पदार्थाने भरायची, किंवा अशा कॉलमला खालपासून वरपर्यंत कमी अंतरावर रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, घालायच्या. रिंगांची टोकंही आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत. साइटवर जाणाऱ्याने पाहायचं ते हेच: कॉलमच्या रिंगांची टोकं नुसती काटकोनात दुमडलेली आहेत की आत वळलेली. काँक्रीट ओतल्यावर हे कुणालाही दिसणार नाही.

कोकणातला प्रश्न वेगळा आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत अनेक शाळांचे पत्रे आणि कौलं उडाली. वारा छताला खाली दाबत नाही, वर खेचतो, आणि सर्वांत जास्त ओढ कडेला आणि कोपऱ्यांत असते. म्हणून तिथे पत्रे धरणारे हुक कमी अंतरावर हवेत, आणि व्हरांड्याचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं असावं. म्हणजे व्हरांडा गेला तरी वर्गाचं छप्पर राहतं.

बाहेर पडायची वाट

१६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं जळून गेली. आग स्वयंपाकघरात लागली, छप्पर गवताचं होतं, जिना अरुंद होता. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क सामावलेला आहे, आणि राष्ट्रीय इमारत संहितेतल्या तरतुदी शाळांनी पाळल्या पाहिजेत.

या तरतुदींमागचं तर्कशास्त्र समजायला सोपं आहे. घाबरलेली तीस मुलं एकाच वेळी दाराकडे धावतात. दार आत उघडणारं असेल तर पहिल्या दोघा-तिघांच्या अंगानेच ते बंद होतं. म्हणून वर्गाचं दार बाहेर उघडायला हवं आणि शक्य तिथे दोन दारं हवीत. जिना किमान दीड मीटर रुंद, पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि ३० सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. पहिली-दुसरीचे वर्ग तळमजल्यावरच. गावात जागा असेल तर मजला चढवूच नये. प्रत्येक खोलीतून थेट व्हरांड्यात आणि तिथून मैदानात जाता यावं. पण व्हरांड्याला लावलेलं चॅनल गेट शाळा भरल्यावर एका बाजूने कुलूप लावून ठेवलं, तर हे सगळं वाया जातं. कुत्री-गुरं येतात, मुलं पळतात, ही अडचण खरी आहे. तिला कडी पुरते, कुलूप लागत नाही.

पोषण आहाराची किचन शेड वर्गांपासून लांब हवी आणि सिलिंडर बाहेर. मैदानाच्या कडेची कुंपणभिंत आणि रुळावरून सरकणारं जड लोखंडी फाटक यांच्याकडे कुणी इमारत म्हणून पाहत नाही, पण मुलं खेळतात ती त्यांच्याच आसपास.

पुरेशी म्हणजे किती

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीला काय लागतं ते दिलेलं आहे: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुख्याध्यापकांसाठी कार्यालय-भांडार, अडथळ्याविना प्रवेश, मुलं-मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण.

यातली एक बारकाई नकाशा काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. खोल्यांची संख्या शिक्षकांवर बेतलेली आहे, इयत्तांवर नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक, म्हणजे कायद्याने दोन खोल्या. पाच इयत्ता मात्र आहेतच. अशा द्विशिक्षकी शाळा आपल्याकडे खूप आहेत आणि तरीही त्यांच्या खोल्या एकाच वर्गासाठी असल्यासारख्या बांधलेल्या असतात: समोर एक फळा, सगळ्यांची तोंडं एकीकडे. तिथे दोन-तीन भिंतींवर, मुलांच्या हाताला येतील इतक्या खाली फळे हवेत. मुलांना गटांनी बसता यावं म्हणून खोली चौकोनी आणि ऐसपैस हवी. आणि दोन खोल्यांच्या मध्ये उघडणारं दार हवं, म्हणजे एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर दुसऱ्याला दोन्हीकडे नजर ठेवता येईल.

उष्णतेचंही तसंच. लांब भिंती उत्तर-दक्षिण दिशांना तोंड करून ठेवल्या तर दक्षिणेचं उंचावरचं ऊन छज्जा अडवतो. पश्चिमेचं तिरपं ऊन कुठलाच छज्जा अडवत नाही, म्हणून तिकडे खिडक्या कमीत कमी. पत्र्याच्या खोलीत मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळासुद्धा दहा-साडेदहानंतर असह्य होते. सीलिंग आणि वर हवा जायला झरोके हवेतच.

रॅम्पची व्यथा तर प्रत्येक गावात दिसते. चाकाच्या खुर्चीसाठी एकास बारा उतार लागतो. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्पची लांबी ५.४ मीटर व्हायला हवी. प्रत्यक्षात दीड-दोन मीटरची घसरगुंडी बांधून कागदावर ‘रॅम्प आहे’ अशी नोंद होते, आणि त्या मुलाला रोज उचलूनच आत न्यावं लागतं. स्वच्छतागृहाचंही असंच: खोली बांधून होते, पाणी येत नाही, आणि मोठ्या मुली दिवसभर पाणी पिणं टाळतात. पाण्याची टाकी आणि नळजोड याशिवाय स्वच्छतागृह पूर्ण झाल्याचा दाखला देऊच नये.

नकाशा, ठराव आणि निर्लेखन

ठरावीक नकाशे सोयीचे असतात. मंजुरी लवकर मिळते, अंदाजपत्रक तयार असतं. पण तो नकाशा तुमची जमीन पाहून काढलेला नसतो. म्हणून काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी मागायच्या: जागेवर खड्डा घेऊन मातीचा अहवाल, आणि पाया व पट्टे दाखवणारा त्या जागेसाठीचा तपशील. काम चालू असताना काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून पाहतात. तो अहवाल शाळेच्या दप्तरी लागला पाहिजे.

मागायचं कुणी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणं हे तिचं काम आहे. सभेत तोंडी तक्रार केली तर ती तिथेच राहते. खोली क्रमांक, भेगेची जागा, तारीख, फोटो आणि ‘या खोलीचं स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं’ असा ठराव इतिवृत्तात लिहून त्याची पोच घेतली, की पुढच्या प्रत्येक अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी लिहावं लागतं.

ऑडिटमध्ये खोली धोकादायक ठरली तर ती पाडण्याआधी तिचं निर्लेखन, म्हणजे सरकारी नोंदीतून तिला वगळणं, मंजूर व्हावं लागतं, आणि या फाइलीला बराच वेळ जातो. तो मधला काळ सर्वांत धोक्याचा, कारण खोली वापरात नाही असं कागद म्हणतो आणि पाऊस आला की मुलं तिच्याच व्हरांड्यात उभी राहतात. म्हणून नुसतं कुलूप पुरत नाही. भिंतीच्या उंचीइतकं तरी अंतर सोडून भोवती काटेरी तार किंवा बांबूचं कुंपण घालायचं, त्या बाजूची खेळायची जागा आणि पाण्याची टाकी हलवायची, आणि वर्ग समाजमंदिरात बसवायचे की दोन सत्रांत भरवायचे हे त्याच ठरावात लिहून टाकायचं.